स्टिअरिंग हाती देण्यापूर्वीचे तास

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या मुलीला मोटार चालवण्याचा पक्का परवाना मिळाला आणि त्याच संध्याकाळी तिने गाडीची किल्ली मागितली, तेव्हा मी ती दिली नाही. ती एकोणीस वर्षांची आहे, समंजस आहे, आणि कायद्याने तिला मिळालेला अधिकार मी अडवून धरते आहे हे मला कळत होते. परंतु तोपर्यंत तिने रात्री एकदाही गाडी चालवलेली नव्हती, महामार्गावर ती स्वतः गाडी घेऊन कधी गेलेली नव्हती, पावसात वायपर चालू ठेवून एक किलोमीटर अंतरही कापलेले नव्हते, आणि चढावर थांबलेली गाडी मागे न सरकू देता पुढे काढणे तिला दहापैकी चार वेळा जेमतेम जमत होते. शासनाच्या लेखी मात्र ती त्या सकाळपासून देशातल्या कोणत्याही रस्त्यावर, कोणत्याही वेळी, शेजारी कोणी जाणते माणूस नसताना आणि मागच्या सीटवर तीन जण बसवून मोटार चालवण्यास पात्र झाली होती.

शिकाऊ चालकांसाठी प्रशिक्षणाच्या अटी कडक असाव्यात का, हा प्रश्न माझ्यासाठी त्या संध्याकाळपासून घरातला प्रश्न झाला आहे. त्या असाव्यात, असेच माझे मत आहे. मात्र हा कडकपणा नेमका कुठे आणावा याबद्दल जे सर्रास बोलले जाते, ते मला पटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी तिला परवाना कसा मिळाला ते सांगते. शिकाऊ परवान्याची परीक्षा तिने घरीच संगणकासमोर बसून दिली. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या साहाय्याने ही सोय उपलब्ध झाली आणि त्यामुळे कार्यालयातले हेलपाटे वाचले, ही गोष्ट चांगलीच झाली. पंधरा प्रश्न असतात आणि नऊ उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होतो. मुलीची तेरा बरोबर आली. परंतु त्या संगणकासमोर प्रत्यक्षात कोण बसले आहे हे दुरून पाहणे अवघड असते. आमच्या ओळखीच्या दोन घरांत मुलाच्या वतीने ही परीक्षा भलत्याच माणसाने दिली, आणि हे त्या घरच्यांनीच, त्यात काही वावगे आहे असे न वाटता, मला सांगितले.

त्यानंतर तिला आम्ही एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातले. एकवीस दिवसांचा कोर्स होता आणि रोज अर्धा तास ठरलेला होता. गाडीत मात्र एका वेळी तीन शिकाऊ असत. एकजण चालवी आणि उरलेले दोघे मागे बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत. मुलीच्या वाट्याला दिवसाला बारा ते पंधरा मिनिटे स्टिअरिंग येई, आणि त्यातही क्लच व ब्रेकची जोडपेडले शिकवणाऱ्या माणसाच्या पायाखाली असल्यामुळे अडचणीची वेळ आली की तिच्याऐवजी तोच गाडी सांभाळी. सुट्ट्या आणि गाडी बिघडल्याचे दिवस वगळून आम्ही दोघींनी नंतर हिशेब केला, तेव्हा एकूण चार तास आणि काही मिनिटे भरली. शेवटच्या दिवशी तिच्याकडून ज्या नोंदवहीत सही घेतली गेली, तिच्यात दहा तास लिहिलेले होते. तिने विचारले तेव्हा, सगळीकडे असेच असते, असे उत्तर मिळाले. मी त्या शिकवणाऱ्या माणसाला फारसा दोष देत नाही. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तो त्याच चार रस्त्यांवरून फेऱ्या मारत असतो आणि जेवढी माणसे गाडीत बसतील तेवढाच त्याच्या मालकाचा खर्च निघतो.

पक्क्या परवान्याची परीक्षा सहा मिनिटांत संपली. गाडी सरळ पुढे नेणे, वळवणे, रिव्हर्समध्ये मागे आणणे, थांबवणे. निरीक्षकांसमोर त्या दिवशी लांबच लांब रांग होती आणि प्रत्येकाला त्याहून जास्त वेळ देणे त्यांना शक्यही नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण कडक अटींची मागणी करणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक नसते की काही अटी कागदावर तीस-पस्तीस वर्षांपासून आहेत. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. या नियमांत ड्रायव्हिंग स्कूलसाठी सविस्तर अभ्यासक्रम दिलेला आहे. खासगी वाहनासाठी किमान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास, तर व्यावसायिक वाहनासाठी तीस दिवस आणि पंधरा तास, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शिकवणारा किमान दहावी उत्तीर्ण आणि अनुभवी असावा, मोटारीला दुहेरी नियंत्रण असावे, कोणी किती तास चालवले याची नोंद ठेवावी, हे सर्व त्यात आहे. परंतु या अटी बांधतात त्या फक्त स्कूलला. खासगी मोटार किंवा दुचाकी चालवू इच्छिणाऱ्या माणसाने स्कूलमध्ये गेलेच पाहिजे अशी सक्ती नाही. त्याच्यावर बंधन एवढेच, की शिकाऊ परवान्याच्या काळात गाडीला लाल अक्षरातला ‘एल’ लावावा, शेजारी पक्का परवानाधारक बसवावा, आणि परवाना मिळाल्यावर तीस दिवस गेल्याशिवाय परीक्षेला उभे राहू नये. या तीस दिवसांत त्याने गाडी तीस तास चालवली की तीन मिनिटे, हे त्याला कोणीही विचारत नाही. कॅलेंडरची पाने उलटली की तो पात्र होतो.

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, एस.टी.त चालक होते. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मुलीचा परवाना पोस्टाने आला त्या दिवशी ते ओट्यावर बसले होते आणि नातीने कौतुकाने कार्ड दाखवल्यावर त्यांनी विचारले, “किती शिकलीस?”

“एकवीस दिवस, आजोबा.”

“दिवस नकोत, तास सांग.”

ती गप्प राहिली आणि मला तिची बाजू घ्यावीशी वाटली, पण घेता आली नाही. आबा एस.टी.त लागले तेव्हा त्यांच्याकडे अवजड वाहनाचा परवाना होता आणि मालट्रक चालवण्याचा काही वर्षांचा अनुभवही होता. तरीही महामंडळाने त्यांना भोसरीच्या प्रशिक्षण संस्थेत पाठवले, आणि तिथून आल्यावरही जुन्या चालकाच्या शेजारी बसून ते काही दिवस मार्ग शिकत राहिले. कोणत्या वळणावर हॉर्न द्यायचा, कोणत्या ओढ्याला पूर आला की गाडी अलीकडेच उभी करायची, कोणत्या गावात शाळा सुटण्याची वेळ कोणती, हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून मिळालेले नव्हते. कऱ्हाडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी ते गिअर उतरवत, तो आवाज मला लहानपणापासून ओळखीचा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे त्यांचे वाक्य आमच्या घरात आम्हा सर्व भावंडांना पाठ होते, पण त्यामागचे कारण मला फार उशिरा समजले: उतारावर गाडी न्यूट्रल केली की तिला धरून ठेवणारे इंजिन सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक मग लागत नाहीत.

पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर काय होत आले आहे हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुण्याच्या दिशेने लांब उतार लागतो, डिझेल वाचवण्यासाठी तिथे गाडी न्यूट्रल करण्याची अनेक चालकांना सवय आहे, आणि २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका टँकरने त्या उतारावर एकामागून एक कितीतरी वाहनांना धडका दिल्या. त्यानंतर वेगमर्यादा कमी झाली, रम्बलर बसवले, फलक लावले, आणि तरीही तिथले अपघात थांबलेले नाहीत. रस्त्याच्या रचनेत दोष आहे हे मला मान्य आहे आणि तो दुरुस्त झालाच पाहिजे. परंतु उतारावर न्यूट्रल करू नये हे ज्ञान चालकापर्यंत पोहोचवण्याची आपली व्यवस्था कोणती, असे विचारले तर उत्तर एवढेच आहे की घरी कोणी एस.टी.वाला असेल तर पोहोचेल. माझ्या मुलीच्या एकवीस दिवसांत हा विषय एकदाही निघाला नाही. ज्या गावातल्या सपाट चार रस्त्यांवर ती शिकली, तिथे तो निघण्याचे कारणही नव्हते.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातली होती. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी बहुतेकांकडे पक्का परवाना असतो, ही गोष्टही अशा अहवालांतून दिसते. म्हणजे आपण परवाना देतो तेव्हा नेमके काय प्रमाणित करतो, याचा विचार करायला हवा. त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्या मृतांपैकी सुमारे ७५ हजार, म्हणजे शंभरात चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवर होते.

दुचाकी शिकण्यासाठी मात्र आपल्याकडे कोणीही कुठेही जात नाही. मोटारीसाठी निदान स्कूलचा नाममात्र का होईना एक टप्पा आहे. दुचाकी काकाच्या मागे बसून, शाळेच्या मैदानावर, सुट्टीच्या चार दिवसांत येते, आणि परीक्षेत पाय न टेकवता आठचा आकडा काढला की झाले. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या लहान विजेरी दुचाकींना तर परवानाच लागत नाही. मला स्वतःला स्कूटर शिकवताना माझ्या थोरल्या भावाने बजावले होते की पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील. हा सल्ला महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आजही दिला जातो आणि तो चुकीचा आहे, कारण ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढे जातो आणि गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचेच चाक करते. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू जोर वाढवत लावायचे असतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरच्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेकप्रणाली आणि त्याखालच्या दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था सक्तीची झाली. यंत्रात केलेली ही सुधारणा योग्यच होती. तीच काळजी चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत घेतली गेली असती, तर परीक्षेच्या मैदानावर तीसच्या वेगातून ठरावीक अंतरात दुचाकी थांबवून दाखवण्याची अट केव्हाच आली असती. आठचा आकडा तोल दाखवतो. मुले मरतात ती तोल न साधल्यामुळे नव्हे, तर वेळेत थांबता न आल्यामुळे आणि समोरचा काय करणार आहे याचा अंदाज न आल्यामुळे.

कडक अटी म्हटले की बहुतेकांच्या मनात परीक्षा अधिक अवघड करणे येते. पुण्यात नाशिक फाट्याजवळच्या संस्थेत संगणकीकृत मार्गावर मोटारीची परीक्षा होते, तिथे चढ, इंग्रजी ‘एच’च्या आकारात गाडी मागे घेणे आणि बाजूला गाडी लावणे असे टप्पे आहेत, आणि अशा मार्गांमुळे ओळखीपाळखीला व दलालीला काहीसा आळा बसतो, हे मी मानते. परंतु त्या मार्गावर समोरून चुकीच्या बाजूने येणारा दुचाकीस्वार नसतो, अंधार नसतो, थांबलेल्या बसच्या पुढून अचानक धावणारे मूल नसते. परीक्षा कितीही अवघड केली, तरी माणूस परीक्षेपुरतेच शिकतो.

दुसरा मार्ग शासनाने २०२१ मध्ये आणला. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांनुसार हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तासांचे प्रशिक्षण द्यायचे आहे आणि त्यांपैकी २१ तास प्रात्यक्षिकाचे आहेत. केंद्राला किमान एक एकर जागा, सिम्युलेटर आणि स्वतःचा चाचणी मार्ग असला पाहिजे. कागदावर ही योजना मला आवडते. मात्र अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयाच्या चाचणीतून सूट आहे, आणि हा भाग मला धोक्याचा वाटतो. ज्याने शुल्क घेतले त्यानेच शिकवायचे आणि त्यानेच उत्तीर्ण ठरवायचे, यात नोंदवहीतल्या त्या खोट्या दहा तासांचे एकोणतीस होणार नाहीत याची खात्री कोण देणार? शिवाय हे सक्तीचे नाही, आणि तालुक्याच्या गावी एक एकर जागा घेऊन असे केंद्र कोण काढणार, हाही प्रश्न आहेच.

माझी एक मावसबहीण सिडनीला असते. तिच्या मुलाने तिथे परवाना काढला तेव्हाची गोष्ट तिने मला फोनवर सांगितली आणि माझ्या विचाराला तिथून वळण मिळाले. न्यू साउथ वेल्स राज्यात पंचवीस वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते आणि त्यांपैकी २० तास रात्रीचे असावे लागतात. हे तास कोणत्याही महागड्या संस्थेत घालवायचे नसतात. शेजारी आई, बाप, आत्या, कोणीही पक्का परवानाधारक चालतो. आमच्या भाच्याने आईला रोज कामावर सोडत आणि शनिवारी मराठी मंडळाच्या शाळेत धाकट्या बहिणीला पोहोचवत ते तास भरले. त्यानंतरही पूर्ण परवाना लगेच मिळत नाही. आधी लाल, मग हिरवा ‘पी’ (प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या परवान्याचा) लावून काही वर्षे अधिक कडक नियमांखाली चालवावे लागते.

जर्मनीची पद्धत याच्या उलट, स्कूलवर भर देणारी आहे. कामासाठी तिथे गेलेल्या आपल्याकडच्या अनेक अभियंत्यांना हे अनुभवावे लागते, कारण भारतीय परवाना तिथे सहा महिनेच चालतो आणि पुढे लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. जो तिथे पहिल्यांदाच शिकतो त्याला लेखी विषयाचे चौदा वर्ग, प्रथमोपचाराचा वर्ग, आणि नेहमीच्या सरावाखेरीज पंचेचाळीस मिनिटांचे बारा खास पाठ सक्तीचे असतात: पाच गावाबाहेरच्या रस्त्यांवर, चार महामार्गावर आणि तीन अंधारात. खर्च भरपूर येतो. आपल्याकडे तसा खर्च लादणे मला अन्यायाचे वाटेल. मात्र रात्र, महामार्ग आणि गावाबाहेरचा रस्ता ही तीन वेगळी शिकण्याची ठिकाणे आहेत हे त्यांनी ओळखले, एवढे घेण्यासारखे आहे.

स्वीडनमध्ये १९९३ साली शिकण्यास सुरुवात करण्याचे वय साडेसतरावरून सोळावर आणले गेले. परवान्याचे वय अठराच राहिले, फक्त सरावाला दोन वर्षे मिळाली. आणि ज्यांनी त्या काळाचा खरोखर उपयोग करून पुष्कळ तास गाडी चालवली, त्यांचे परवाना मिळाल्यानंतरचे अपघात लक्षणीय प्रमाणात घटले. याउलट नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे खास कौशल्य शिकवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्यावरचे अपघात कमी न होता वाढले, कारण आपल्याला आता सर्व येते असा भ्रम त्यातून निर्माण झाला. थोड्या तासांत दिलेली चमकदार कौशल्ये आणि जाणत्या माणसाच्या शेजारी बसून मुरलेला सराव यांतला हा फरक माझ्या वडिलांना कोणत्याही अभ्यासाशिवाय ठाऊक होता.

म्हणून माझी मागणी परीक्षेविषयीची नाही, तासांविषयीची आहे. शिकाऊ परवान्याबरोबर प्रत्येकाला एक नोंदवही द्यावी. मोटारीसाठी किमान पन्नास तास आणि दुचाकीसाठी किमान तीस तास असा आकडा मला सुचतो. तज्ज्ञांनी तो कमीजास्त करावा. त्यात रात्रीचे तास वेगळे असावेत, पावसाचे वेगळे, महामार्गाचे वेगळे, आणि जिथे शक्य आहे तिथे घाटाचे वेगळे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला आणि त्यावर मोटारीला ताशी १२० चा वेग मान्य आहे. ज्या तरुणाने बुलढाण्याच्या किंवा जालन्याच्या खेड्यात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांमधून चाळीसच्या वेगाने गाडी शिकली, त्याला त्या रस्त्यावर शिरायचे कसे, मार्गिका बदलायची कशी, तास-दोन तासांनी थांबायचे का, हे कोणीतरी एकदा शेजारी बसून दाखवायला हवे. नोंदीखाली शेजारी बसलेल्याची सही आणि त्याचा परवाना क्रमांक असावा.

यावर आक्षेप येतील आणि त्यांतले काही खरे आहेत. लोक खोट्या नोंदी करतील, हा पहिला. करतील. परंतु स्कूलच्या नोंदवहीत माझ्या मुलीचे खोटे दहा तास लिहिणाऱ्याला तिच्या जिवाशी काही देणेघेणे नव्हते. आई किंवा बाप म्हणून स्वतःच्या मुलाच्या वहीत खोटे लिहिताना सगळ्यांचा नाही, तरी पुष्कळांचा हात अडखळेल, असा माझा विश्वास आहे. दुसरा आक्षेप गरिबांचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या घरी गाडीच नाही आणि ज्याला चालकाची नोकरी मिळवण्यासाठीच परवाना हवा आहे, त्याने पन्नास तास कुठून आणायचे? त्याच्यासाठी शासनाने सोय केली पाहिजे, आणि त्यासाठी नवी इमारत बांधण्याची गरज नाही. एस.टी.चे राज्यात ३१ विभाग आहेत, त्यांच्याकडे शिकवणारी अनुभवी माणसे आहेत, दरवर्षी निवृत्त होणारे आणि एकही प्राणांतिक अपघात न केलेले चालक आहेत. अशा माणसांना मानधन देऊन तालुक्याच्या ठिकाणी शिकवायला बसवले, तर त्यांच्याइतके चांगले गुरू दुसरीकडे मिळणार नाहीत. आबांसारखी माणसे निवृत्तीनंतर ओट्यावर बसून असतात.

व्यावसायिक चालकांविषयी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात विजेवर चालणारी एक बस गर्दीत घुसली आणि माणसे चिरडली गेली, तेव्हा चालकाला त्या प्रकारच्या स्वयंचलित बसचा सराव पुरेसा दिला गेला होता का, हा प्रश्न विचारला गेला. त्या प्रकरणात दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. पण ज्या बसला क्लच नाही, जिचा वेग पायाच्या हलक्या दाबाने वाढतो, तिच्यावर वर्षानुवर्षे गिअरची बस चालवलेल्या माणसाला बसवण्यापूर्वी किती तास द्यावेत, हा प्रश्न प्रत्येक आगारात विचारला गेला पाहिजे. नव्या प्रकारच्या वाहनापुढे जुना चालकही शिकाऊच असतो.

पालकांविषयीही लिहिले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड अशी तरतूद केली. तरीही सकाळी शिकवणीच्या वर्गाबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरी पाहिल्या तर त्यांतल्या निम्म्या चालवणाऱ्यांना अठरा पूर्ण झालेली नाहीत, हे आपल्यातल्या प्रत्येकाला दिसते. आम्ही आमच्या मुलीला अठरा होईपर्यंत स्कूटर दिली नाही, तेव्हा तिला मैत्रिणींसमोर फार कानकोंडे वाटत असे. बस वेळेवर नसते, वर्ग लांब असतात, आईबाप कामावर असतात. हे सर्व मला ठाऊक आहे आणि त्याचे ओझे एकट्या पालकांवर टाकणे बरोबर नाही. पण किल्ली देणारा हात आपलाच असतो.

त्या फेब्रुवारीतल्या संध्याकाळनंतर आम्ही दोनशे पानी वही आणली आणि मुलीने पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, रस्ता, हवामान, मिनिटे, शेजारी कोण, आणि रात्र, महामार्ग, घाट व पाऊस यांचे वेगळे रकाने. पन्नास तास भरल्याशिवाय आणि प्रत्येक रकान्यात काही ना काही लिहिले गेल्याशिवाय ती एकटी गाडी नेणार नाही, असे आम्ही तिघांनी मिळून ठरवले. सुरुवातीला ती नाराज होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, रात्री साडेआठच्या सुमारास, आम्ही कऱ्हाडकडून परत येत होतो. उसाचा हंगाम संपत आला होता. समोरून येणाऱ्या ट्रकचे प्रखर दिवे डोळ्यांवर आले, ते निघून गेले, आणि त्यानंतरच्या काळोखात पुढे काहीच नाही असे वाटत असताना आबा मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, “पाय ब्रेकवर.” तिने कारण न विचारता ऐकले. पुढच्या क्षणी हेडलाइटच्या उजेडात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या दिसल्या. मागे लाल दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, फक्त उसाची वाढे, म्हणजे शेंड्याकडची हिरवी पाने, रस्त्याला घासत चाललेली. गाडी ट्रॉलीपासून सात-आठ फुटांवर थांबली. आबांना त्या ट्रॉल्या दिसल्या नव्हत्या. रस्त्यावर पडलेली वाढे त्यांना आधी दिसली होती, आणि हंगामात रस्त्यावर ओली वाढे दिसली की पुढे ट्रॉली असते, हे त्यांना माहीत होते. मुलीने त्या दिवशीच्या नोंदीत मिनिटांच्या रकान्याशेजारी ‘वाढे’ एवढा एकच शब्द लिहून ठेवला आहे.

आज मे महिन्याचा मध्य उलटला आहे आणि वहीत सेहेचाळीस तास झाले आहेत. त्यांतले नऊ रात्रीचे आहेत, सहा महामार्गावरचे आहेत, आणि कुंभार्ली घाट ती दोनदा उतरली आहे, दोन्ही वेळा ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये. पावसाचा रकाना तेवढा कोरा होता. काल दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडे काळे ढग आले, वारा सुटला, अंगणातली वाळवणे मी घाईघाईने आत घेतली आणि मागे वळून पाहिले तर ती वही आणि किल्ली घेऊन दारात उभी होती. “आई, चल,” ती म्हणाली, “आजोबांनाही घेऊ.” वळवाचे थेंब काचेवर पडू लागले तेव्हा आम्ही गावाबाहेरच्या पुलापर्यंत पोहोचलो होतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येते आणि रस्ता जोराच्या पावसापेक्षाही अधिक निसरडा होतो, हे आबांनी तिला तिथे गाडी बाजूला उभी करून सांगितले. परत आल्यावर तिने चाळीस मिनिटे लिहिली आणि आबांनी खाली सही केली.